पद्मिनीच्या पुढच्या चाकातून घूंऽऽ आवाज : बेअरिंग की आणखी काही?

पार्लेजीवी

नमस्कार मंडळी. घरी 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे. रोजच्या वापरात नाही, रविवारी सकाळी पार्ल्याहून दक्षिण मुंबईपर्यंत एक फेरी होते, तेवढीच. गेल्या पावसात मिलन सबवेच्या अलीकडे अडकले होते आणि निम्मं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढावी लागली. त्यानंतर महिन्याभरात चाळीसच्या पुढे वेग गेला की पुढून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. साठला तो इतका वाढतो की शेजारी बसलेल्याशी मोठ्याने बोलावं लागतं.

जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि चाक न उचलताच निकाल दिला : दोन्ही बाजूची बेअरिंगं, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक), सगळं बदलायचं. आकडा ऐकून घरी आले.

मला विचारायचंय ते असं. नेमकं काय गेलंय ते खोलण्याआधी कळेल का? बेअरिंग मुंबईत अजून मिळतं का? आणि सोसायटीच्या आवारात हे काम स्वतः करता येईल का? पाने, जॅक, दोन स्टँड आहेत. सोबतीला खालच्या मजल्यावरचे काका आहेत, त्यांनी आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केली.

"विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरात रोज मिळतो.

सायडिंग_विरार

विकून टाका. (पळतो आता.)

पानापक्कड

ताई, गॅरेजवाल्याने सांगितलेलं खरंही असेल, पण चाक न उचलता सांगितलं म्हणजे तो अंदाजच. आधी आवाजाचं बघू.

बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो-उतरतो. गियर न्यूट्रल केला, इंजिन आयडलवर सोडलं तरी तो तसाच राहतो. तसा राहिला तर इंजिन आणि क्लच यातून बाद. टायरचा आवाजही वेगाबरोबर वाढतो, म्हणून फसायला होतं. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. काँक्रीटवर एक, डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं.

मग डावं की उजवं? गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो आणि डावीकडे वळते तेव्हा उजव्या. ज्या बाजूवर भार आल्यावर आवाज वाढतो ती बाजू संशयित. तुम्ही दक्षिण मुंबईला जाताच, तर मरीन ड्राइव्ह यासाठी झकास आहे. नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे येताना रस्ता बराच वेळ डावीकडेच वळत राहतो. वळण हलकं आहे, पण लांब आहे. भार उजवीकडे. परत जाताना उलट. भल्या सकाळी, काचा खाली करून, रेडिओ बंद.

घरी आल्यावर चाक उचला. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे, दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवा. खडखड हलतंय? लगेच "बेअरिंग गेलं" म्हणू नका. काकांना ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणारा ड्रम आणि त्यामागची स्थिर बॅकप्लेट एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, बेअरिंगचा असेल तर तो नाहीसा होतो. तरीही हलत असेल तर किंगपिन किंवा खालची-वरची बुशं. ही चाचणी होते अर्ध्या मिनिटात, पण हजारो रुपयांचा फरक पडतो. तीन आणि नऊवर धरून हललं तर टाय रॉड एंड बघा.

शेवटचं : एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला ऐकू येणार नाही अशी करकर स्प्रिंगमधून तळहाताला लागते.

अनुजा_डोंबिवली

स्प्रिंगची युक्ती माहीत नव्हती. वाचनखूण साठवली.

मीटरडाउन

माझे वडील पद्मिनी टॅक्सी चालवायचे, लालबागला राहायचो. ताई, पाण्यातून काढल्यावर बेअरिंग जाणं हा टॅक्सीवाल्यांचा दरवर्षीचा खेळ होता. हिंदमाताला पाणी भरलं की पुढचा महिनाभर गॅरेजवाल्यांची दिवाळी.

चाललेल्या गाडीचा हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, गरम असतो, तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सील (पाणी अडवणारी रबरी कडी) जुना असेल तर त्याच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. नुसतं उभ्या गाडीला पाणी लागणं वेगळं. म्हणून वडील पाऊस संपला की दसऱ्याच्या आधी दोन्ही हब उघडून ग्रीस बदलायचे. पाण्यातून गेलेल्या गाडीला तर त्याच आठवड्यात. तुमची तशीच राहिली, तेवढ्यात गंज धरला असणार.

पार्लेजीवी

मरीन ड्राइव्ह करून आले. पानापक्कड, तुमचं अगदी बरोबर! चौपाटीकडे येताना आवाज स्पष्ट वाढतो, जाताना कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणजे उजवं?

घरी चाकं उचलली. उजवं वर-खाली धरून हललं आणि ब्रेक दाबल्यावर थांबलं. डावं ढिम्म हललं नाही. किंगपिन दोन्ही बाजूंनी ठीक. म्हणजे अर्धं बिल इथेच वाचलं. स्प्रिंगवर हात ठेवून उजवं फिरवलं तर वाळू दळल्यासारखं लागलं.

आता सुटे भाग कुठून?

खवट_म्हातारा

पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन पाव शतक झालं, सुटे भाग कसले मिळतात. कुर्ल्याचा कारखानाही गेला आणि ती गाडी जाणणारे मिस्त्रीही. हल्लीची पोरं स्कॅनर लावल्याशिवाय बॉनेट उघडत नाहीत.

पानापक्कड

आजोबा, कारखान्याबद्दल खरं, बेअरिंगबद्दल नाही. बेअरिंग गाडीच्या कंपनीने बनवलेलं नसतंच. ते प्रमाणित मापाचं असतं आणि तेच माप पंपात, ट्रॉलीत, शेतीच्या अवजारात कुठेही लागतं. म्हणून गाडी संपली तरी बेअरिंग संपत नाही.

ताई, दुकानात जाऊन "पद्मिनीचं पुढचं बेअरिंग द्या" म्हणू नका. तरुण विक्रेता असेल तर तुमच्याकडे बघत राहील. जुनं बेअरिंग काढा, पुसा, त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि तो सांगा. नंबर वाचायला शिकणं अवघड नाही. 302 ने सुरू होणारा पाच आकडी नंबर म्हणजे मिलिमीटर मापाचं टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांचं बेअरिंग. शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिळतं : 30204 म्हणजे 20 मिमी, 30205 म्हणजे 25 मिमी. 30203 अपवाद, त्याचं भोक 17 मिमी. पूर्ण माप हवं असेल तर 30205 हे 25 × 52 × 16.25 मिमी (आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी). नंबर गंजून गेला असेल तर व्हर्नियर लावा आणि तीन मापं घेऊन जा. इंची मापाची टेपरही असतात, त्यांचे नंबर "एलएम" वगैरे अक्षरांनी सुरू होतात आणि त्यांना हा गुणाकार लागू नाही.

तुमच्या गाडीत नेमका कुठला नंबर निघेल ते मी मुद्दाम सांगत नाही. चाळीस वर्षांच्या गाडीत मधल्या काळात कोणी काय बसवलंय ते उघडल्यावरच कळतं. लेथवर हब बोअर करून भलतंच बेअरिंग बसवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत जाता येतं, तिथे नंबरावर काम चालतं. सील आणि ग्रीस कॅपसारख्या खास फियाटच्या (पद्मिनी म्हणजे फियाटच) वस्तूंसाठी ऑपेरा हाउसजवळ न्यू क्वीन्स रोडच्या बाजूची मोटर स्पेअर्सची दुकानं. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, पण तिथे जुनं-नवं ओळखता आलं पाहिजे.

मीटरडाउन

सीएसटी रोडचं सोनं आता आटलं. टॅक्सी होत्या तोवर त्या धंद्यावर अख्खी साखळी जगत होती. 2013 ला टॅक्सीची वयोमर्यादा पंचवीसवरून वीस वर्षांवर आणली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, म्हणजे ऑक्टोबर 2023 मध्ये तिचीही वीस भरली. त्या दिवशी पेपरात फोटो आले आणि सगळे हळहळले. पण स्पेअरवाल्यांचं गिऱ्हाईक त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. आता सील शोधायला बेअरिंगपेक्षा जास्त फिराल, हे लिहून घ्या.

बीटलबाबा

धाग्यावर उशिरा आलो. माझ्याकडे फियाट नाही, बीटल आहे, पण टेपर रोलरचं शास्त्र सगळीकडे एकच. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

नकली बेअरिंगं बाजारात भरपूर आहेत. खोका हुबेहूब असतो. किंमत शंका येण्याइतकी कमी असेल तर घेऊ नका. एसकेएफचं "ऑथेंटिकेट" नावाचं अ‍ॅप आहे, त्यातून तपासून घेता येतं. एनबीसी, टिमकेन, एसकेएफ यांपैकी काहीही अस्सल मिळालं तर डोळे झाकून घ्या. कप (बाहेरची कडी) एका कंपनीचा आणि कोन (रोलरांसह आतली कडी) दुसऱ्या कंपनीचा, असं करू नका.

आणि कप बदलाच. पुष्कळ ठिकाणी हबमध्ये घट्ट बसलेला जुना कप तसाच ठेवतात आणि फक्त रोलरवाला कोन नवा टाकतात, कारण कप काढायला कष्ट पडतात. जुन्या कपावर जुन्या रोलरांच्या खुणा असतात, त्यावर नवे रोलर फिरले की काही महिन्यांत पुन्हा तोच आवाज.

आणखी एक. नट हलत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करण्याआधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूला उलटे आटे असतात. बीटलमध्ये डाव्या पुढच्या चाकाला उलटे आहेत, आणि त्याच स्पिंडलमधून, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्यातून, स्पीडोमीटरची केबलही जाते. हे माहीत नसलेल्या माणसाने माझ्या गाडीचा स्पिंडल आधीच्या मालकाकडे असतानाच खराब करून ठेवला होता.

पार्लेजीवी

हे सगळं वाचून हुरूप आलाय. पानापक्कड, पुढच्या रविवारी उघडायचं ठरवलंय. खोलण्याची आणि बसवण्याची पद्धत जरा सविस्तर लिहाल का? काकांनी कारखान्यातली मोठी बेअरिंगं बसवलीत, पण मोटारीच्या हबला ते पहिल्यांदाच हात लावणार आहेत.

पानापक्कड

लिहितो. चहा घेऊन बसा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा, गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग जॅक, मग स्टँड, मग गाडीला हाताने धक्का देऊन बघा. हलली तर पुन्हा लावा. स्टँडवर विश्वास बसला की मगच खाली हात घाला.

चाक काढल्यावर ब्रेक थोडे ढिले करा, नाहीतर ड्रम आतल्या शूंना (ब्रेकच्या पट्ट्यांना) अडकतो. ड्रमच्या आतली काळी धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या शूंच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मधली ग्रीस कॅप कडेने फिरत फिरत हलक्या हाताने ठोकून काढा, एकाच ठिकाणी मारलं तर ती वाकते आणि नवी मिळत नाही. आत स्प्लिट पिन, नट आणि वॉशर. पिन फेकून द्या, परत वापरायची नाही. हब सरळ बाहेर ओढा, अंगठा बाहेरच्या बेअरिंगवर ठेवा, नाहीतर ते पहिलं जमिनीवर पडतं. आतलं बेअरिंग सीलच्या मागे असतं. सील उचकटून काढावा लागतो आणि तो वाचत नाही. नवा आणलेला नसेल तर उघडूच नका.

ग्रीस पुसण्याआधी बघा. ग्रीस हा पुरावा आहे. दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर उष्णता. रोलर आणि कप निळसर झाले असतील तर नट आवळून ठेवला होता. कपावर रोलरांच्या अंतराने आडव्या खुणा असतील तर गाडी फार काळ एकाच जागी उभी होती. आणि कपाच्या पृष्ठभागावर समांतर, बारीक पट्ट्या दिसल्या तर कोणीतरी गाडीला वेल्डिंग करताना अर्थिंगची वायर भलत्या ठिकाणी लावली आणि करंट बेअरिंगमधून गेला. आपल्याकडे पद्मिनीचा तळ सडतोच, त्यामुळे वेल्डिंग होतंच. ती वायर नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळ, त्याच पत्र्याला लावायला सांगा.

डिझेलने सगळं धुवा, कोरडं करा. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून मजा घेऊ नका. तेल नसलेले रोलर त्या वेगाला खराब होतात आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा फुटला तर डोळ्यात जातो.

जुना कप हबच्या मागच्या बाजूने, आत खाचा असतील तिथे पितळी सळई टेकवून, आलटून पालटून समोरासमोर ठोकत काढायचा. एका बाजूने मारला तर तो तिरका होऊन हब ओरबाडतो. नवा कप आदल्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. हब उन्हात. मग तो निम्म्या कष्टात जातो. जुन्या कपाची बाहेरची कड ग्राइंडरवर थोडी घासून घेतली की तोच नव्याला ठोकायला उत्तम साधन होतो. ठोकताना आवाज ऐका. कप तळाला टेकला की बोथट टकटकीचा एकदम टणटणीत आवाज होतो. काकांना हे सांगायची गरज नाही.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) 2 किंवा 3. पंपावर मिळणारं एपी-3 चालेल. जुन्या ग्रीसवर नवं चढवायचं नाही, दोन जातींची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊ शकतात. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत भरा, वरच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. वरून चोपडलेलं ग्रीस आत जात नाही. हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त भरलं तर तापल्यावर सीलमधून बाहेर येऊन ब्रेकवर जातं. मग बेअरिंगपेक्षा मोठं काम उभं राहतं.

सील ओठाची बाजू आत, ग्रीसकडे. ओठाला आधी ग्रीसचं बोट फिरवा.

नटाबद्दल वेगळं लिहितो, तिथेच सगळी गंमत आहे.

खवट_म्हातारा

बरं लिहिलंय. फक्त एक राहिलं : बेअरिंगवर थेट लोखंडी हातोडा मारायचा नाही. कणी उडते. माझ्या डोळ्याच्या खाली व्रण आहे, म्हणून सांगतो.

पानापक्कड

आजोबा, धन्यवाद. आणि चष्मा घालायचा, हेही.

आता नट. टेपर बेअरिंग उतारावर बसलेलं असतं. गाडीचं वजन पडलं की रोलर त्या उतारावरून बाजूला सरकायला बघतात. म्हणून दोन बेअरिंगं एकमेकांच्या उलट दिशेने बसवतात आणि नट त्यांच्यातली फट ठरवतो. फट जास्त झाली तर चाक डगमगतं. फट नाही तर रोलर दाबात फिरतात, तापतात, तापले की फुगतात, फुगले की आणखी दाब. ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि घाटात बेअरिंग चिकटतं. सैल नट तुम्हाला आवाज देऊन सांगतो, घट्ट नट काही सांगत नाही.

हल्लीच्या गाड्यांत हब-बेअरिंग एकसंध येतं. आतली फट कारखान्यातच ठरलेली असते आणि नट दीडशे-दोनशे न्यूटन मीटरने आवळायचा असतो. त्याच सवयीचा हात पद्मिनीला लागला की नवीकोरी बेअरिंगं आठवड्यात निळी. मिस्त्री आळशी असतो असं नाही, त्याला शिकवलेलंच दुसरं असतं.

पद्धत : चाक फिरवत ठेवून नट बऱ्यापैकी आवळा, म्हणजे कप-कोन-वॉशर सगळे आपापल्या जागी बसतील. मग पूर्ण सैल करा. मग नुसत्या बोटांनी, पाना न लावता, टेकेपर्यंत आणा. पिनचं भोक जुळत नसेल तर जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्या, पुढे कधीच नाही.

बीटलबाबा

इथे थोडा विरोध नोंदवतो. "बोटांनी टेकेपर्यंत" हे माप नाही. माझी बोटं आणि काकांची बोटं वेगळी. बीटलला 1966 च्या मॉडेलपासून टेपर रोलर आले, त्यांचा प्ले 0.03 ते 0.12 मिमी दिलेला आहे. डायल गेज चुंबकाने ड्रमला लावा, सुई स्पिंडलच्या टोकाला, हब आतबाहेर ओढा, आकडा वाचा. गेज हल्ली काही फार महाग नाही.

मीटरडाउन

लालबागच्या फुटपाथवर डायल गेज! उस्ताद लोक स्क्रूड्रायव्हरने करायचे. नटाच्या मागच्या वॉशरला टोक लावून बाजूला ढकलायचं. जोर न लावता सरकला पाहिजे. सरकला नाही तर नट घट्ट, हाताने चाक वर-खाली हललेलं जाणवलं तर जास्त सैल. एवढ्यावर रोज शंभर किलोमीटर टॅक्सी पळत होत्या.

बीटलबाबा

खरं सांगू का, ही वॉशरची पद्धत बीटलवालेही पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. माझं म्हणणं एवढंच की पहिल्यांदा करणाऱ्याने गेज लावून बघावं, म्हणजे वॉशर कितपत सरकला की बरोबर, ते हाताला कळतं. नंतर गेज कपाटात.

पानापक्कड

हे मान्य.

सायडिंग_विरार

भांडण संपलं? मी पॉपकॉर्न आणले होते.

पार्लेजीवी

झालं काम! आधी सोसायटीची बातमी : सेक्रेटरी येऊन "आवारात गॅरेज चालवायला परवानगी नाही" म्हणाले. काकांनी त्यांना स्टूल दिलं, चहा दिला, आणि ते शेवटपर्यंत टॉर्च धरून बसले.

उजव्या हबमधलं ग्रीस दुधाळ तपकिरी. बाहेरच्या बेअरिंगचा कप एका बाजूला खरवडल्यासारखा, पृष्ठभागाचे तुकडे निघालेले. आतलं बरं होतं, तरी दोन्ही बदलली. सीलचा ओठ प्लास्टिकसारखा कडक झाला होता, बोटाने वाकवला तर तडकला. पाण्याला रस्ता तिथूनच मिळाला असणार.

नंबर वाचून नागदेवीला गेले. दुकानदाराने गाडी कुठली ते विचारलंसुद्धा नाही, खोका काढून समोर ठेवला. सीलबद्दल मीटरडाउन यांची भविष्यवाणी तंतोतंत खरी ठरली. ऑपेरा हाउसला बऱ्याच दुकानांतून "बंद झालं" ऐकल्यावर एका गल्लीतल्या वृद्ध गृहस्थांनी पोटमाळ्यावरून जुनी पेटी उतरवली. त्यात होते. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी असे तीन आकडे असतात, ते जुळवून घेतले. जास्तीचेही घेऊन ठेवले.

फ्रीझरची युक्ती अफलातून. कप आत जाताना काका म्हणाले, "आला आवाज, थांब." नट आधी वॉशरच्या पद्धतीने लावला, मग काकांच्या जुन्या गेजवर बघितलं : 0.08. दोन्ही पक्षांचं समाधान व्हावं.

डावी बाजू उघडून फक्त धुऊन, नवं ग्रीस आणि नवा सील टाकून बंद केली. बेअरिंग निर्दोष होतं, तेच ठेवलं.

आता शंका. घूं गेला, पण साठच्या आसपास एक बारीक घुरघुर अजून आहे. मरीन ड्राइव्हवर कुठल्याच दिशेला वाढत नाही.

पानापक्कड

वळणावर बदलत नाही म्हणजे बेअरिंग नाही. टायर बघा. ट्रेडवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवती लागतंय का? बेअरिंग सैल असताना चाक डगमगत चाललं की टायर असाच खातो. पुढचा टायर मागे आणि मागचा पुढे करून फेरी मारा.

पार्लेजीवी

करवती लागतंय, उजव्याच टायरला. मागे टाकला आणि घुरघुर डिकीकडून यायला लागली :) टायर दिवाळीनंतर बदलेन. हब शंभरेक किलोमीटरनंतर हाताने तपासला, कोमट होता, दोन्ही बाजू सारख्या. प्लेही तेवढाच आहे.

पानापक्कड

उत्तम. दोन्ही बाजू सारख्या कोमट, हे महत्त्वाचं. एक बाजू चटका देण्याइतकी गरम असेल तर नट किंवा चिकटलेला ब्रेक.

अनुजा_डोंबिवली

ताई, आमच्याकडे अँबॅसडर आहे, तिच्या पुढच्या चाकांनाही असाच आवाज आहे. हीच पद्धत चालेल का?

पानापक्कड

आवाज आणि प्ले तपासण्याची पद्धत हीच. नटाचं मात्र आत काय निघतं त्यावर. टेपर निघाले तर वरचं सगळं लागू. बॉल बेअरिंग निघाली तर त्यांची मांडणी आणि नट आवळायची रीत वेगळी असू शकते, तिथे फट ठेवायचा हा नियम आंधळेपणाने लावू नका. उघडून फोटो टाका, वेगळा धागा काढा, म्हणजे अँबॅसडरवाले येतील.

दहिसरचा_फियाटवाला

सगळा धागा एका दमात वाचला. पार्लेजीवी, तुम्ही जास्तीचे सील घेतलेत असं लिहिलंय. माझ्या गाडीला दोन हवेत आणि मी सगळीकडे "बंद झालं" ऐकून आलोय. विकत द्याल का? पार्ल्याला येऊन घेऊन जाईन.

पार्लेजीवी

आधी तुमच्या जुन्या सीलवरचे तीन आकडे इथे टाका. जुळले तर दोन तुमचे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. त्या दुकानाची गल्लीही सांगेन, पेटीत अजून आहेत.